आधी कोरडी हवा

चार वर्षं यंत्रावर ताडपत्री होती,
ताडपत्रीवर रिकामी खोकी,
खोक्यांवर कुणाचे तरी गमबूट, दोन्ही डाव्या पायाचे.
दाल्काउएच्या शिंपल्यांच्या कारखान्यात
अडगळ अशीच थराथरानं वाढते.

मॅनेजर म्हणाला, 'मेलंय ते. तरी बघा.'
नोंदवहीत एकच ओळ: बिघाड. बंद.
खापर रुबेलिंदो बार्रीआच्या डोक्यावर फुटलं,
त्याच महिन्यात त्याला घरी पाठवलं.
तेव्हापासून पट्टे, सुऱ्या, टेबलं, सगळं क्लोरीननं धुतात.
एदुविनानं मला तिची बोटं दाखवली,
न विचारता,
पोलिसाला लायसन्स दाखवावं तशी.

मी झाकण उघडलं.
आत काचेच्या चोवीस नळ्या, त्यांवर पिवळट खार.
दमट हवेत वीज खेळली की आम्ल धरतं,
ते स्टीलला सावकाश चाटत बसतं.
रबरी वायसर चिमटीत शिळ्या पावासारखं मोडलं.
आणि जिथं वायू पाण्यात शिरतो
तिथं अंगठ्याएवढी झडप,
पाण्याला आल्या वाटेनं परतू न देणारी.
स्प्रिंग तुटलेली.
पाणी परतलं होतं.

झाकणाच्या आतल्या अंगाला चिकटपट्टी,
बॉलपेननं दाबून लिहिलेलं:
'खोलीतला सेन्सर आंधळा झालाय.
पॅकिंगमधली पोर खोकतेय.
मीच बंद केलं. र. बा.'
खाली तारीख.
त्याच्याही खाली, दुसऱ्या शाईत:
'पुढे जो कोणी चालू करेल त्याला —
आधी कोरडी हवा. अख्खी रात्र. घाई नको.'

दुसरी शाई.
म्हणजे काढून टाकल्यावर तो एकदा आत आला होता,
कुणी आणलं, कुठल्या दारानं,
एदुविना सांगत नाही. ती सुऱ्या मोजते.

म्हणून मी आधी सेन्सर लावला, नवा,
भिंतीवर, गुडघ्याच्या उंचीला,
कारण ओझोन हवेहून जड, खाली बसतो.
'कुत्र्यासाठी का?' बायका हसल्या.
मग नळ्या पुसल्या, एकेक,
तान्ह्याचे कान पुसावेत तशा.
वायसर, झडप, पाण्याची जाळी.
आणि सात वाजता हवा सोडली.

चिलोए बेटावर कोरडी हवा मागायची!
इथं मीठाचा गोळा होतो,
काडी ओढावी तर गुल नुसता घासला जातो,
भिंतीच्या फळ्यांवर शेवाळ पिढ्यान्‌पिढ्या राहतं.
शुष्ककाच्या पांढऱ्या मण्यांतून
हवा रात्रभर गाळत राहिले.
काट्यावर दवबिंदू उणे वीस. जेवले.
उणे चाळीस. डुलकी.
पहाटे उणे साठ, आणि बाहेर
धक्क्यावरच्या दोऱ्या टपटप गळत होत्या.

खटका ओढला.
नाण्याएवढ्या काचेतून जांभळं काहीतरी थरथरलं.
सेन्सर जागा आहे का पाहायला
नळीचं तोंड मी पळभर त्याच्यापुढं धरलं.
तो किंचाळला. बरं वाटलं.
एदुविनानं नाक वर केलं:
'फोटोकॉपीच्या दुकानासारखा वास.'
मी म्हटलं, आत्ताच नीट ओळखून ठेव,
नाक लवकर सरावतं, मग सांगत नाही.

हा वायू भरून ठेवता येत नाही.
लागेल तेवढा, लागेल तेव्हा, जागेवरच करायचा;
पाण्यातून जातो, पट्टा धुतो,
आणि थोड्या मिनिटांत साधी हवा होऊन
कुणाच्याही छातीत जाऊन येतो.

नोंदवहीत 'बिघाड' खाली मी पट्टीवरचा मजकूर उतरवला,
तारखेसकट. मॅनेजरनं वाचला,
पान उलटलं, काही बोलला नाही.

रुबेलिंदो धक्क्यामागं होडीच्या फटींत ताग ठोकत होता.
मी तुटकी झडप त्याच्या तळहातावर ठेवली.
ती त्यानं बघितलीसुद्धा नाही.
'सेन्सर कुठं लावलास?'
'गुडघ्याला.'
'हं,' म्हणाला, आणि ठोकत राहिला,
आणि बऱ्याच वेळानं, मी निघाले तेव्हा,
'ती पोर अजून खोकते का?'

मला माहीत नव्हतं.
विचारायचं राहूनच गेलं होतं.